जुनी स्पोर्ट्स कार घेताय? मॅन्युअल की ऑटोमॅटिक, कोकणात राहणाऱ्यांसाठी

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की पहिल्या दिवसापासून सगळे एकच सांगतात, "मॅन्युअलच घे, ऑटोमॅटिक काय स्पोर्ट्स कार असते होय?" सांगणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा कोरड्या बंदिस्त पार्किंगमध्ये उभी असते, रविवारी पहाटे सपाट रस्त्यावर फिरते आणि बिघडली तर तासाभरात क्रेन येते. आपल्याकडे तसं नाही. चार महिने पाऊस, बाराही महिने खारी हवा, घरापासून हायवेपर्यंतचा रस्ता म्हणजे चढ-उतार आणि वळणं, आणि जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडू शकणारा मिस्त्री घाटाच्या वर. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: गाडी कुठे उभी राहणार, कुठल्या रस्त्याने जाणार आणि बिघडली तर कोण हात लावणार, या तीन गोष्टींवरून गिअरबॉक्स ठरवा. ड्रायव्हिंगची मजा हवीच, पण ती नंतर बघू.

मी दोन्ही प्रकारच्या जुन्या गाड्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात चालवल्यात, ओळखीच्यांच्या खरेदीला बरोबर गेलोय, त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो.

१. गाडीचं काम आधी ठरवा

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून हे पहिलं. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी, म्हणजे चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नाही अशी, 'व्हीए' सिरीजमध्ये नोंदवता येते. नोंदणी १० वर्षांसाठी मिळते. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, धंद्याला तर नाहीच. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची.

याचा गिअरबॉक्सशी काय संबंध? गाडी व्हीएमध्ये जाणार असेल तर ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखेल हा ऑटोमॅटिकच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दाच निकालात निघतो, कारण गणपतीच्या गर्दीत मुंबई-गोवा हायवेवर तुम्ही ती नेणारच नाही. उलट गाडी साध्या रजिस्ट्रेशनवर ठेवून दर शनिवारी आईवडिलांना घेऊन गणपतीपुळ्याला जायचा विचार असेल, तर क्लच किती जड आहे आणि तुमचे गुडघे कसे आहेत हे प्रामाणिकपणे बघा. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये सीट खाली, पाय सरळ पुढे आणि पेडल कडक असतं, तासभर सारखा क्लच दाबला की मांडी भरून येते. गुडघ्याचं दुखणं असेल तर ऑटोमॅटिक घ्या, लाजू नका. न चालवता शेडमध्ये उभ्या राहिलेल्या मॅन्युअलपेक्षा चालणारी ऑटोमॅटिक कधीही चांगली.

२. त्या मॉडेलला मुळात कुठला गिअरबॉक्स होता ते बघा

"जुन्या स्पोर्ट्स कारला ऑटोमॅटिक म्हणजे मागून बसवलेली भानगड" असा समज आहे तो चुकीचा. अमेरिकेची पहिली कॉर्व्हेट १९५३ मध्ये आली ती फक्त दोन गिअरच्या पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकवर आली, मॅन्युअल तिला दोन वर्षांनी मिळाला. तेव्हा मॉडेल बघून बोलायचं.

मर्सिडीजची १९६३ ते १९७१ ची एसएल (२३०, २५० आणि २८०, जिला पगोडा म्हणतात ती) ऑटोमॅटिकमध्येही शोभते. चार गिअरचा दणकट बॉक्स आहे, गिअर बदलताना थोडा झटका जाणवतो, तो बिघाड नव्हे. नवीन माणूस तो झटका बघून घाबरतो आणि चांगली गाडी सोडून येतो. याच्या उलट जॅग्वार ई-टाइप. १९६१ ला गाडी आली, १९६६ ला लांब २+२ (मागे दोन छोट्या सीट असलेली) आली तेव्हा तिला पहिल्यांदा ऑटोमॅटिक मिळाला, आणि आजही गिऱ्हाईक मॅन्युअललाच जास्त भाव देतं. पण मॅन्युअलमध्येही फरक आहे: सुरुवातीच्या ३.८ लिटरवाल्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर कर्र न होता पडावा म्हणून वेग जुळवणारी कडी) नाही, १९६४ च्या ४.२ पासून सगळ्या गिअरना आहे. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचंही तसंच, १९६७ च्या सुधारणेपर्यंत पहिला गिअर बिनसिंक्रोचा. त्याच वेळी तिला तीन गिअरचा बोर्ग-वॉर्नर ३५ ऑटोमॅटिकही मिळाला, पण तो थोडेच जण घ्यायचे आणि १९७३ नंतर बंद झाला, म्हणजे पार्ट शोधताना तुम्ही आणखी एकटे पडता.

पोर्शे ९११ ची स्पोर्टोमॅटिक हे तिसरंच प्रकरण. क्लच पेडल नाही, पण गिअर हाताने टाकायचे, आणि गिअरच्या दांड्यावर हात पडला की आतल्या स्विचने क्लच आपोआप सुटतो. ज्यांना गिअरवर हात ठेवून चालवायची सवय आहे (आपल्याकडे निम्म्या लोकांना आहे) त्यांनी ती सवय सोडल्याशिवाय या गाडीच्या नादी लागू नये.

आणि आपल्या गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म विसरू नका. फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, मॅन्युअल गिअर. बॉडीला गंज नाही हा समुद्राकाठी केवढा मोठा फायदा आहे ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पहिली गाडी म्हणून मी हिचं नाव आवर्जून घेतो.

३. तुमचा रस्ता एकदा नीट आठवा

घर ते हायवे, हायवे ते घाट, आणि फेरीची जेट्टी. हे तीन तुकडे.

घाट चढताना जुना ऑटोमॅटिक तापतो, हे त्याचं मुख्य दुखणं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (क्लचच्या जागी इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) तेल घुसळलं जातं, गाडी हळू आणि लोड जास्त असला की उष्णता वाढते, आणि तीन गिअरचा बॉक्स आंबा घाटासारख्या चढावर वळणा-वळणाला दुसरा की तिसरा यातच गोंधळत राहतो. उपाय सोपा आहे, दांडा 'डी' मध्ये न ठेवता खालच्या गिअरवर अडकवून ठेवायचा. उतरताना तर हे केलंच पाहिजे. आंबोली किंवा फोंडा घाट 'डी' मध्ये टाकून नुसत्या ब्रेकवर उतरलात तर जुने ब्रेक तापून पेडल खाली जायला लागतं. मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडी धरतं, तो भरवसा वेगळाच.

आता जेट्टी. दाभोळ-धोपावे असो, जयगड-तवसाळ असो, भरती-ओहोटीप्रमाणे फेरीबोटीच्या फळीचा उतार बदलतो. ओहोटीला फळी चांगलीच तिरकी, वर शेवाळ आणि पाणी, मागे एसटी किंवा चिऱ्याचा ट्रक, आणि बोटीवरचा पोरगा हात हलवून "या या या" करतोय. अशा वेळी जड क्लच, कमजोर हँडब्रेक आणि बिनसिंक्रोचा पहिला गिअर असलेली गाडी हाफ क्लचवर चढवणं म्हणजे परीक्षा असते, क्लच प्लेटचा जळका वास बोटभर सगळ्यांना येतो. इथे ऑटोमॅटिक अलगद चढते. रोज फेरीने जाणार असाल तर हा मुद्दा हलका समजू नका.

४. मिस्त्री कोण आहे ते गाडी बघायच्या आधी ठरवा

पद्मिनी आणि अँबेसिडर खोललेला मिस्त्री अजून प्रत्येक तालुक्याच्या गावात सापडतो आणि त्याला जुना मॅन्युअल गिअरबॉक्स समजतो, मग तो एमजीचा असो की ट्रायम्फचा. बेअरिंग नंबरवरून मिळतात, बुश लेथवर होतो, क्लच प्लेटला नवीन लायनिंग मारून मिळतं, आणि जे इथे होत नाही त्यासाठी कोल्हापूर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये काय होत नाही!

ऑटोमॅटिकचं तसं नाही. आत व्हॉल्व्ह बॉडी, क्लच पॅक, ब्रेक बँड, रबराचे सील, सगळं स्वच्छ जागेत आणि पुस्तक समोर ठेवून करायचं काम. ओव्हरहॉलचं किट बाहेरून मागवावं लागतं, आणि काम मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूच्या स्पेशालिस्टकडे. गाडी तिथे न्यायची तर फ्लॅटबेडच (गाडी पाठीवर घेणारा ट्रक) लागतो, कारण बहुतेक ऑटोमॅटिक मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढत नेता येत नाहीत. इंजिन बंद म्हणजे आतला तेलपंप बंद, आणि चाकं फिरत राहिली तर बॉक्स कोरडा फिरून खलास. दोरी बांधून ओढायची वेळ आलीच तर आधी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) सोडवून घ्या. धक्का मारून स्टार्ट करणंही विसरा. मॅन्युअलला बॅटरी बसली तर चार पोरं आणि एक उतार पुरतो.

म्हणून अमुक माणूस ऑटोमॅटिकचं काम करेल असं नाव तुमच्याकडे नसेल, आणि तुम्ही त्याच्याशी स्वतः बोलला नसाल, तर ऑटोमॅटिक बघायला जाऊच नका.

५. बघायला जाताना पिशवीत काय हवं

टॉर्च, पांढरं सुती फडकं, छोटं लोहचुंबक, गाडीखाली अंथरायला मोठा पुठ्ठा, हातमोजे, आणि त्या मॉडेलच्या ओनर्स मॅन्युअलमधलं तेल तपासायचं पान मोबाइलवर. विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका, थंड गाडी बघायची आहे. गरम करून ठेवलीच असेल तर परत दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

६. मॅन्युअल तपासताना

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, क्लच सोडलेला. गुरगुर येतेय? क्लच दाबल्यावर ती थांबली तर गिअरबॉक्सच्या आतली बेअरिंग गेलीत. उलट क्लच दाबल्यावरच आवाज यायला लागला तर रिलीज बेअरिंग, ते तुलनेने स्वस्त, पण त्यासाठी गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं हे भाव करताना लक्षात ठेवा.

मग रस्त्यावर. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर नेहमीच्या वेगात उतरा, घाई न करता. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो बहुतेक सगळ्यात आधी जातो, कर्र झालं म्हणजे गेला. विकणारा म्हणेल "जुन्या गाड्यांना असंच असतं". पहिल्या गिअरला असू शकतं, दुसऱ्याला नाही. पहिला बिनसिंक्रोचा असेल तर गाडी पूर्ण थांबल्यावर आधी दुसऱ्यात बोट लावल्यासारखं करून मग पहिला टाका, गुळगुळीत पडतो.

उतारावर गिअरमध्ये असताना एक्सिलरेटर सोडा आणि परत दाबा, प्रत्येक गिअरला. दांडा आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर ती गाडी भाव पाडूनच घ्यायची, नाहीतर नको. क्लचसाठी चढावर वरच्या गिअरला ४० च्या आसपास असताना एक्सिलरेटर पूर्ण दाबा, इंजिनाचा आवाज चढला आणि वेग नाही तर प्लेट संपली.

ब्रिटिश गाडीला ओव्हरड्राइव्ह (स्विचने लागणारा जादा उंच गिअर) असेल तर ती मोठी जमेची बाजू, हायवेवर इंजिन शांत राहतं. स्विच टाकून चालतंय का बघा. चालत नसेल तर बऱ्याचदा दोष सोलेनॉइड किंवा वायरिंगचा निघतो, पण विकणाऱ्याने "नुसती वायर निघालीय" म्हटलं की त्यालाच सांगा, मग जोडून दाखवा.

शेवटी, परवानगी मिळाली तर गिअरबॉक्सचं थोडं तेल काढून चुंबक फिरवा. करडी बारीक पेस्ट चालते. कपच्या आल्या तर नाही. तेलात सोनेरी चकाकी दिसली तर पितळी सिंक्रो झिजतोय. आणि कुठलं तेल घालतात ते विचारा: जुन्या पितळी सिंक्रोच्या बॉक्समध्ये कुणी डिफरन्शियलचं जीएल-५ ओतलं असेल तर त्यातली काही तेलं पितळ खातात. काही ब्रिटिश बॉक्सना तर साधं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच लागतं. पुस्तकात लिहिलंय तेच घाला, पंपावरचा माणूस सांगतो ते नको.

७. ऑटोमॅटिक तपासताना

इथे पहिलं काम तेलाचं. कुडाळकडचे एक जुने मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी म्हणतात, "आधी ऑइल दाखवा, मगे गाडी बघतंय." पांढऱ्या फडक्यावर डिपस्टिक पुसायची आणि फडकं उन्हात धरायचं. लालसर, पारदर्शक डाग चांगला. तपकिरी आणि जळका वास, म्हणजे आतले क्लच जळालेत. गुलाबी दुधट, म्हणजे पाणी शिरलंय, बहुतेक रेडिएटरमधल्या कूलरमधून. डागाच्या मधे काळे कण राहिले तर फडकं घडी करून खिशात ठेवा आणि विकणाऱ्याला नमस्कार करा.

सापळा १: लेव्हल चुकीच्या पद्धतीने बघणं. बहुतेक जुन्या बॉक्सचं तेल गरम करून, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून बघायचं असतं. महिनाभर उभ्या गाडीत कन्व्हर्टरमधलं तेल खाली पॅनमध्ये उतरतं, मग थंड गाडीत लेव्हल जास्त दिसते आणि कुणीतरी शहाणा तेल काढून टाकतो.

सापळा २: अगदी ताजं लाल तेल. कालच बदललं असेल. लांब फेरी मारा आणि परत बघा.

सापळा ३, हा फार कमी लोकांना माहितीय. मर्सिडीजसारख्या काही बॉक्सना व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या हवेच्या ओढीवरून गिअर बदलणं जुळवणारा भाग) असतो. त्याचा पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. मागून पांढरा धूर, तेल कमी होतंय पण खाली एक थेंब नाही. मिस्त्री म्हणतो इंजिन गेलं, आणि पार्ट निघतो छोटासा. उलट्या बाजूने बघितलं तर अशी गाडी "इंजिन कामाचं" म्हणून स्वस्तात मिळूही शकते.

आता चालवून. ब्रेक दाबून एन वरून डी आणि मग आर. एक-दोन सेकंदात गाडीने जोर धरला पाहिजे, थांबून मग धडकन बसली तर आतले सील आखडलेत. हळू एक्सिलरेटरवर सगळे गिअर पडतात का, मधेच इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडतं का, पूर्ण दाबल्यावर किकडाऊन होतो का (म्हणजे बॉक्स खालच्या गिअरवर येतो का), हे बघा. मग चांगला चढ, निदान पाच-सात किलोमीटर. वर पोचल्यावर थांबून पुन्हा आर टाका. थंड असताना ठीक चालणारा बॉक्स गरम झाल्यावरच खरं बोलतो. त्यानंतर खाली पुठ्ठा टाकून अर्धा तास चहा घ्या, मग पुठ्ठा बघा.

खाली वाकलाच आहात तर गिअरबॉक्सपासून रेडिएटरपर्यंत जाणाऱ्या लोखंडी नळ्यांवर टॉर्च मारा. किनाऱ्यावरच्या गाडीत या नळ्या बाहेरून ठीक दिसतात आणि क्लिपच्या खाली गंजून पातळ झालेल्या असतात. घाटात फुटली तर सगळं तेल बाहेर.

८. पुराची गाडी

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण-महाडमध्ये किती गाड्या बुडाल्या ते आपण बघितलंय. अशी गाडी धुऊन-पुसून दूर विकली जाते. गिअरबॉक्सला हवेचं छिद्र असतं, मॅन्युअल असो की ऑटोमॅटिक, पाणी तिथून आत जातं. दुधट तेल, कार्पेटखाली सुकलेला गाळ, सीटच्या रेल्समध्ये माती, यातलं काही दिसलं तर मॅन्युअल असल्यास भाव पाडून विचार करता येतो. ऑटोमॅटिक असल्यास सोडून द्या.

९. कागद

मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (गोव्याची गाडी रत्नागिरीला आणायची तर हीच लागते), कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, बाहेरून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, विकणाऱ्याचा पॅन-आधार. १५ वर्षांवरच्या खासगी गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे, त्याची पावती बघा. आरसीची मुदत संपली असेल तर फॉर्म २५ वर पुन्हा पासिंग, ते पाच वर्षांसाठी होतं. चासी आणि इंजिन नंबर कागदावर पेन्सिल घासून स्वतः उतरवून घ्या, फोटोवर विसंबू नका.

आणि एक कळकळीने सांगतो. "ऑटोमॅटिक स्वस्तात मिळतेय, घेऊ आणि मॅन्युअल बसवू" हा बेत करू नका. पेडल बॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, क्रॉसमेंबर, फ्लायव्हील सगळं बदलावं लागतं, कधी बॉडी कापावी लागते, आणि बॉडीला हात लागला की व्हीए नोंदणीची मूळ रूपाची अटच मोडते. गाडीचा भावही पडतो. आपल्याला हवा तो गिअरबॉक्स असलेली गाडी मिळेपर्यंत थांबा.

१०. घेतल्यानंतरचा पहिला पावसाळा

मॅन्युअल उभी ठेवली की दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. म्हणून शेडमध्ये ठेवताना सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडा अडकवून क्लच दाबलेला ठेवा. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्यातलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि सिलिंडर आतून गंजतो, ते मे महिन्यात बदलून घ्या.

ऑटोमॅटिक असेल तर पंधरा दिवसांतून एकदा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, ब्रेक दाबून पी पासून खालपर्यंत सगळ्या जागांवर दांडा फिरवा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद. सील ओले राहतात. शेडचं दार उघडं ठेवूनच करा, धूर आत कोंडू देऊ नका. आणि दोन्ही प्रकारांत उंदरांचा बंदोबस्त करा, गिअरबॉक्सच्या वरच्या उबेत ते घर करतात आणि ओव्हरड्राइव्हची किंवा स्टार्टर स्विचची वायर कुरतडतात, मग ऑगस्टमध्ये गाडी स्टार्ट होत नाही आणि सगळे बॅटरीला दोष देत बसतात.